एका भांड्यातला क्रीमी पास्ता पुन्हा पुन्हा का बिघडतो? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

पास्ता शिजवायचा, पाणी ओतून द्यायचं नाही, त्याच पाण्यात दूध किंवा क्रीम आणि चीज घालून सॉस करायचा. जेवणात बाजूला वाढायला वीसेक मिनिटांत होणारा प्रकार. पण बिघडला की लोक हटकून आणखी चीज घालतात, आणि तिथून तो सावरायच्या पलीकडे जातो. असे बिघडलेले पास्ते सावरायची वेळ माझ्यावर इतक्यांदा आली आहे की आता झाकण उघडल्यावर बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते दिसतं. तेच इथे क्रमाने लिहितो आहे. आधी लक्षणं जुळवा. मग तपासण्या वरून खाली करत या, मधली गाळू नका. वरच्या फुकटच्या आहेत, खालच्या खर्चाच्या.

लक्षणं

सॉस पाणचट आहे, पास्ता एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. किंवा याच्या उलट: भांड्यात छान होता, ताटात पोचेपर्यंत आळून गोळा झाला.

पास्ता बाहेरून लगदा आणि आत कणी.

सॉसमध्ये पांढरे बारीक कण, कडेला पिवळट पाणी. हे दूध फाटलेलं.

चीज कालथ्याला गोळा होऊन बसलंय, वर तेलाचे थेंब. हे चीज फुटलेलं. ही शेवटची दोन लक्षणं लोक एकच समजतात आणि चुकीचा उपाय करतात. ओळखायचं असेल तर कण चमच्यात घेऊन गार होऊ द्या आणि बोटांत चोळा. फाटलेल्या दुधाचा कण लगेच विरतो, भुसभुशीत लागतो. चीजचा कण रबरासारखा ताणला जातो.

तळाला लागलाय, करपट वास येतोय. खारट झालाय.

पाकिटातला मसाला घातल्यावर पिठाच्या गुठळ्या झाल्यात.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नेहमीच्या पद्धतीत 100 ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी घेतात आणि ते नंतर ओतून देतात. त्याबरोबर जास्तीचा स्टार्च, जास्तीचं मीठ, मापातली चूक सगळं मोरीत जातं. इथे मोरीत काहीच जात नाही. जे घालाल ते भांड्यातच राहतं, म्हणून पाण्याचं आणि आचेचं गणित चुकलं की ते कुठूनतरी बाहेर येतंच.

1. आच बंद करा, झाकण ठेवा, तीन मिनिटं थांबा

पाणचट सॉसच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. पास्ता आच बंद झाल्यावरही पाणी पीत राहतो आणि स्टार्च गार होताना घट्ट होतो. उकळत्या अवस्थेत सॉस नेहमीच असतो त्यापेक्षा पातळ दिसतो. त्या वेळी घाबरून चमचाभर कॉर्नफ्लोर टाकलात तर दहा मिनिटांनी गोळा झाल्याची तक्रार कराल.

तीन मिनिटांनी कालथ्याने तळापर्यंत एक रेघ ओढा. रेघ पडते आणि दोन-तीन सेकंदांत मिटते, तर सॉस बरोबर आहे. पडतच नसेल तर झाकण काढून मध्यम आचेवर आटवा, दर मिनिटाला ढवळा. रेघ पडून तशीच उघडी राहिली तर तो आत्ताच जास्त घट्ट आहे, दोन-तीन चमचे कढत पाणी घालून सैल करा. बाजूला वाढायचा पदार्थ असल्याने मुख्य जेवणाची वाट बघत तो भांड्यात थांबणारच. म्हणून हवा त्यापेक्षा किंचित सैल असतानाच आच बंद करायची. आळण्याच्या तक्रारीवर याहून वेगळा उपाय मला तरी माहीत नाही.

2. एक तुकडा दाताने तोडा

मध्ये पांढरा ठिपका दिसतोय का? ती कणी. ठिपका दिसतो आणि सॉस घट्ट झालाय, म्हणजे पास्ता शिजायच्या आधी पाणी संपलं. पाव कप पाणी घाला, झाकण ठेवा, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. पाणी कढतच हवं. गार पाण्याने उकळी मोडते, ती परत येईपर्यंत बाहेरचा थर भिजत राहतो आणि कणी तशीच. बाहेरून लगदा आणि आतून कच्चा हे चमत्कारिक मिश्रण असंच तयार होतं. या टप्प्यावर दूध घालू नका, ते शिजवायला कामाचं नाही आणि तळाला मात्र लागतं.

पाकिटावर लिहिलेला वेळ भरपूर, खळखळत्या पाण्यासाठीचा असतो. कमी पाण्यात, मंद उकळीवर दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. उंचावर राहणाऱ्यांना आणखी, कारण समुद्रसपाटीपासून 1,500 मीटरवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं. तिथे आच वाढवून उपयोग नाही, पाणी फक्त लवकर आटेल. झाकण ठेवा आणि वेळ द्या.

3. पाण्याचं माप, तुमच्या भांड्याचं

पाककृतीत लिहिलेलं माप लिहिणाऱ्याच्या भांड्याचं असतं. पसरट भांड्यातून वाफ जास्त जाते, उभ्या भांड्यातून कमी. तेच माप दोघांना कसं लागू पडेल?

सुरुवातीला हे धरा: 200 ग्रॅम कोरड्या पास्त्याला 500 मिली पाणी, शेवटी 100 ते 150 मिली दूध किंवा क्रीम. त्या 500 पैकी ढोबळमानाने 250 पास्ता पितो, दीडशेच्या आसपास वाफ होऊन जातं आणि उरलेल्या शंभरात सॉस होतो. यातला वाफेचा आकडाच घरोघरी बदलतो आणि तो काढणं सोपं आहे. नुसतं 500 मिली पाणी त्याच भांड्यात, त्याच आचेवर, पास्ता शिजायला लागतो तितका वेळ उकळा आणि गार झाल्यावर मोजा. जितकं कमी भरलं ती तुमची वाफ.

पाहुणे आले, माप दुप्पट केलं आणि पास्ता पोहायला लागला, ही तक्रारही इथलीच. पास्ता दुप्पट झाला तर तो पिणार दुप्पट, सॉसही दुप्पट हवा, पण भांडं तेच असेल तर वाफ साधारण तेवढीच. म्हणजे 400 ग्रॅमला 500 अधिक 200 अधिक 150, असं 850 मिली. सरळ 1 लिटर ओतलंत तर दीडशे मिली जादा, आणि ते आटवेपर्यंत पास्त्याचा लगदा.

4. पास्ता कोणता आहे

पाकिटावर घटकपदार्थांत ड्यूरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे का बघा. ड्यूरममधली प्रथिनं शिजतानाही घट्ट जाळं धरून ठेवतात. मऊ गव्हाच्या मैद्याचा पास्ता या पद्धतीत हमखास फुटतो, कारण तो दहा-बारा मिनिटं दाट, चिकट पाण्यात ढवळला जातो. आकार लहान घ्या: मॅकरोनी, शिंपले, पिळाचे तुकडे. लांब स्पॅगेटी एका भांड्यात होते, पण पहिली चार मिनिटं तिच्याशी झटापट करायची तयारी हवी. दोन अर्धवट पाकिटांतले उरलेले आकार एकत्र करून संपवायचा मोह होतो, तो आवरा. एक शिजतो तोवर दुसऱ्याचा गिचका.

एकमेकांना चिकटत असेल तर पहिली दोन मिनिटं ढवळा. वरचा स्टार्च पहिल्यांदा ओला होतो तेव्हा तो गोंदासारखा असतो, चिकटायचं ते तेव्हाच चिकटतं. पाण्यात तेल घालून काही साधत नाही, ते वर तरंगत बसतं.

सॉसच्या भुकटीसकट मिळणाऱ्या तयार पाकिटांत गुठळ्या झाल्या तर भुकटी सरळ उकळत्या पाण्यात पडली आहे. प्रत्येक कणाभोवती शिजलेल्या स्टार्चचा थर बसतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. भुकटी आधी पाव कप गार दुधात कालवा, मग घाला.

5. मीठ

नेहमीच्या पद्धतीत लिटरला 10 ग्रॅम मीठ घालतात, कारण त्यातलं बरंचसं ओतलं जातं. तोच हात इथे चालला तर 500 मिली पाण्यातलं 5 ग्रॅम मीठ सगळं पोटात जाणार, वर चीजचं, खारट लोण्याचं आणि स्टॉक क्यूब घातला असेल तर त्याचं. क्यूब असेल तेव्हा सुरुवातीला मीठ घालूच नका. चीज विरघळल्यावर चव बघून ठरवा.

खारट झालाच तर बिनमिठाचं क्रीम, किंवा वेगळा, अळणी शिजवलेला मूठभर पास्ता मिसळा. बटाटा टाकून मीठ ‘ओढून’ घेता येतं असं सांगतात. बटाटा पाणी पितो, त्याबरोबर त्या पाण्यातलं मीठ जातं, सॉसचा खारटपणा तेवढाच राहतो.

6. दूध कधी आणि कोणतं

फाटण्याची तक्रार आली की मी आधी विचारतो, आंबट काय घातलं होतं? टोमॅटो, लिंबू, वाइन, दही, यांतलं काहीतरी निघतंच. दुधातलं केसीन हे प्रथिन बारीक पुंजक्यांच्या रूपात तरंगत असतं आणि ते पुंजके एकमेकांना दूर लोटत असतात. आंबटपणा वाढला की हे दूर लोटणं संपतं, पुंजके एकमेकांना धरतात. साध्या तापमानाला हे साधारण 4.6 पीएचला घडतं, पण दूध गरम असेल तर त्याहून कमी आंबटपणाही पुरतो. म्हणून गार दुधात चालून गेलेला टोमॅटो उकळत्या दुधात दगा देतो.

दुधाचा प्रकारही बघा. 35 टक्के स्निग्धांश असलेलं क्रीम उकळलं तरी सहसा फाटत नाही: त्यात फाटायला प्रथिनंच कमी आणि स्निग्धांश भरपूर. स्निग्धांश काढलेलं दूध सगळ्यात आधी जातं. कॅलरी वाचवायला तेच वापरायचं असेल तर क्रम सांभाळा. पास्ता आधी नुसत्या पाण्यात जवळजवळ शिजू द्या, पाणी दाटसर होऊ द्या, मग आच अगदी बारीक करून कोमट दूध धारेने सोडा. दाट स्टार्चमध्ये केसीनच्या पुंजक्यांना एकमेकांपर्यंत पोचणं कठीण जातं. एवढ्या एका बदलाने साध्या दुधाचे सॉस टिकलेले मी पाहिले आहेत. नंतर मात्र उकळी आणायची नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की पुरे. लिंबू, दही, आंबट क्रीम आच बंद केल्यावरच.

आंबट काहीही नसताना फाटलं? मग संशय दुधावर. त्याच पिशवीतलं चमचाभर दूध वेगळं उकळून बघा. तेही फाटलं तर ते जुनं आहे, पास्ताही टाकून द्या. ताजं दूध निव्वळ आंबटाने फाटलं असेल तर खायला काही धोका नाही, फक्त रवाळ लागतं. फाटलेलं दूध पुन्हा सांधता येत नाही. पास्ता झाऱ्याने बाजूला काढून सॉस मिक्सरमधून फिरवलात आणि दोन चमचे क्रीम घातलंत तर बराचसा गुळगुळीत होतो. गरम सॉस फिरवताना भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका, झाकण फडक्याने दाबून धरा.

7. चीज

चीज शिजवायचं नसतं, विरघळवायचं असतं. भांडं आचेवरून खाली घ्या, मिनिटभर थांबा, मग किसलेलं चीज मूठमूठ घालत ढवळा. फार तापलं की त्यातली प्रथिनं आक्रसून एकमेकांना धरतात आणि आतला स्निग्धांश पिळून बाहेर टाकतात. तो गोळा आणि ते तेल म्हणजे हेच.

यावर चक्क भौतिकशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. पेकोरिनो चीज आणि मिरीच्या काचो ए पेपे या पास्त्याच्या गुठळ्या का होतात, यावर इटालियन संशोधकांचा निबंध 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते चीजच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्टार्च असला तर सॉस तापल्यावरही एकसंध राहतो, 1 टक्क्याखाली गेला की गुठळ्या. एका भांड्याच्या पद्धतीत स्टार्च मुळातच भांड्यात असतो, हा आपला फायदा. पण तो किती सुटला ते पास्त्यावर अवलंबून, त्यामुळे ज्याचं चीज दर वेळी फुटतं त्याने भरवशावर राहू नये. 100 ग्रॅम चीजला एक सपाट छोटा चमचा कॉर्नफ्लोर, दोन चमचे गार पाण्यात कालवून, उकळत्या सॉसमध्ये एक मिनिट शिजवा. मग आच बंद, मग चीज.

किसून पाकिटात मिळणाऱ्या चीजला तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते, त्याने सॉस किंचित पिठाळ लागतो. वडी आणून बारीक किसा. नुसतं जुनं, कडक चीज वापरत असाल तर त्यात निम्मं कोवळं, सहज वितळणारं मिसळा. आणि प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ते न फुटण्यासाठीच बनवलं गेलं. स्वित्झर्लंडमध्ये थून इथे गेर्बर आणि श्टेट्लर यांनी 1911 मध्ये चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते साधलं. असल्या क्षारांमुळे प्रथिनं आणि स्निग्धांश एकत्र राहतात. चांगल्या चीजबरोबर याचा एक तुकडा टाकला तर बाकीच्यालाही तो सांभाळून घेतो.

फुटायला नुकती सुरुवात झाली असेल, म्हणजे कडेला तेल चमकतंय पण गोळा झालेला नाही, तर भांडं खाली घ्या, दोन चमचे कढत पाणी घाला आणि जोरात घोटा. बहुतेक वेळा सांधतं. गोळा झाला की संपलं. तो काढून टाका आणि नव्याने थोडं चीज घाला.

8. भांडं आणि शेगडी

दुधातली प्रथिनं गरम तळाला चिकटतात, दुधातली साखर तिथे करपते, आणि दाट स्टार्चमुळे तळाची उष्णता वर जायला वाव नसतो. जाड बुडाचं भांडं आणि मंद आच एवढंच याचं उत्तर. करपलं असेल तर खरवडू नका. वरचा पास्ता अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि चव बघा. करपट चव वरपर्यंत आली असेल तर मसाल्याने झाकली जात नाही, टाकून द्या.

डाग दर वेळी एकाच जागी पडतो का ते बघा. रिकामं, गार भांडं सपाट ओट्यावर ठेवून काठावर बोट दाबा. डुललं तर बूड वाकलंय, आणि इंडक्शनवर तर ते नीट तापायचंच नाही. बूड सपाट असेल तर भांडं अर्ध्यावर फिरवून ठेवून पुन्हा करा. डाग भांड्याबरोबर फिरला तर दोष भांड्याचा, जागेवरच राहिला तर शेगडीचा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गॅसच्या शेगडीचं स्वतः करण्यासारखं काम एकच आहे. गॅस बंद करून, शेगडी पूर्ण गार झाल्यावर बर्नरची टोपी काढा, उतू गेलेल्या स्टार्चने बुजलेली भोकं साफ करा, धुऊन खडखडीत वाळवा आणि नीट बसवा. खारट पाणी उतू गेल्यावर ज्योत थोडा वेळ पिवळी दिसते, ते मिठातल्या सोडियममुळे, साफ केल्यावर जातं.

त्यानंतरही ज्योत पिवळी राहिली, भांड्याच्या बुडाला काजळी धरली, ज्योत बर्नरवरून उडाल्यासारखी दिसली, मंद केल्यावर विझली किंवा मंद होतच नसली, तर पाककृती बदलत बसू नका. अधिकृत मेकॅनिकला बोलवा. जेट, नॉबचा व्हॉल्व्ह, नळी यांना हात लावायचा नाही. पिवळ्या, काजळीच्या ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड तयार होत असू शकतो आणि त्याला वास नसतो. गॅसचा वास आला तर नॉब आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर जाऊन फोन करा. इंडक्शनच्या काचेला तडा गेला असेल तर प्लगला हात न लावता मेनवरून वीज तोडा. त्यावर एकदाही शिजवू नका.

सॉस दर वेळी जमतो पण खाल्ल्यावर घरातल्या कुणाचं पोट दर वेळी फुगतं किंवा बिघडतं, तर तो प्रश्न डॉक्टरांचा. दुधातली साखर किंवा गव्हातलं ग्लुटेन न सोसणं ही कारणं असू शकतात, आणि तपासणीआधी स्वतःच गहू बंद केला तर सीलिॲक रोगाची चाचणी चुकीची येऊ शकते.

उरलेलं

दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. त्याहून जास्त वेळ बाहेर राहिला असेल तर उकळून वाचवायला जाऊ नका: शिजवलेल्या पिष्टमय पदार्थांत वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचं एक विष उकळूनही नष्ट होत नाही. फ्रिजमधला घट्ट गोळा गरम करताना 200 ग्रॅमला तीन-चार चमचे दूध घाला, झाकण ठेवून मंद आचेवर चांगला वाफाळेपर्यंत गरम करा आणि मधूनमधून तळापासून उलथत राहा. मायक्रोवेव्हमध्ये करायचा असेल तर अर्ध्या शक्तीवर, दर मिनिटाला ढवळून. पूर्ण शक्तीवर कडेचं चीज फुटतं आणि मध्ये तो तसाच गार राहतो.